पाणी भरून स्थिर होणारी छोटी मोटरसेलर: टाकी, शीड आणि इंजिन कसं सांभाळावं

मोटरसेलर म्हणजे शिडावर चालणारी आणि इंजिनावरही पळणारी बोट. मोठ्या शिडाच्या बोटींना तळाशी शिशाची किंवा लोखंडाची जड कील असते; तिच्या वजनाने बोट सरळ राहते. छोट्या, ट्रेलरवरून न्यायच्या मोटरसेलरमध्ये तिच्या जागी तळात एक पसरट टाकी असते. बोट पाण्यात उतरली की टाकी भरायची, बाहेर काढताना रिकामी करायची. उदाहरणार्थ, 26 फुटी मॅकग्रेगर 26एम या बोटीच्या टाकीत सुमारे 520 किलो पाणी मावतं, आणि तळात कायमचं बसवलेलं वजन साधारण 135 किलो असतं.

टाकी भरलेली असेल तर ती शिडाची बोट. रिकामी असेल तर हलकी, पाण्यावर घसरत पळणारी मोटरबोट. एकाच सांगाड्यात दोन बोटी, आणि दोघींचे स्वभाव वेगळे. काठावर उभं राहून पाहिलं तर आत्ता त्यातली कोणती समोर आहे, हे नवख्याला ओळखू येत नाही. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

आधी: पाण्यात पाण्याचं वजन कसलं?

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि तो रास्त आहे. बाटली काठोकाठ भरून बादलीत बुडवा; हाताला वजन जवळजवळ लागत नाही. आता ती अर्धी पाण्याबाहेर उचला. लगेच जड होते. टाकीचंही तसंच. बोट सरळ असताना टाकीतलं पाणी गप्प असतं. बोट कलली की टाकीची एक बाजू पाण्याच्या पातळीवर यायला लागते आणि तिचं वजन बोटीला परत खाली ओढतं.

म्हणून ही बोट सुरुवातीला पटकन कलते. पहिल्या 10-15 अंशांपर्यंत नवखा माणूस घाबरतो, मग ती घट्ट होते आणि तिथेच थांबल्यासारखी वाटते. शिशाची कील वजनदार आणि खोल असल्यामुळे पहिल्यापासून ओढते. तिची सवय असलेल्याला ही बोट डळमळीत वाटणार. टाकी रिकामी असेल तर मात्र उलट आहे: बोट एका मर्यादेपलीकडे कलली की परत येत नाही.

आणि अर्धी टाकी? परातीत बोटभर पाणी घेऊन चार पावलं चालून बघा. परात जराशी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. टाकी जितकी रुंद तितका हा त्रास झपाट्याने वाढतो, रुंदीच्या घनाच्या प्रमाणात. मधोमध, बोटीच्या लांबीच्या दिशेने, एक उभी भिंत घातली तर तो चौथ्या हिश्शावर येतो. तरी कोणी कितीही सांगितलं तरी ‘थोडं कमी भरू, बोट हलकी राहील’ हा विचार करू नका. टाकी पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी ठेवा.

टाकी भरताना

बोट पाण्यात तरंगू द्या, पण काठाला बांधलेलीच ठेवा. आधी हवेचं बूच उघडा (बहुतेक वेळा ते केबिनमध्ये, पुढच्या बाजूला, गादीखाली असतं), मग मागची झडप. झडपेतून पाणी आत येतं, बुचातून हवा बाहेर पडते. बुचाच्या भोकावर तळहात धरला तर हवेची झुळूक लागते. ती थांबली म्हणजे टाकी भरली, असं समजू नका. टाकीचा वरचा भाग बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या थोडा वर असेल, तर पाणी पातळीला येऊन थांबतं आणि वर हवेचा थर उरतो. दोघांना पुढच्या टोकाकडे जाऊन बसायला सांगा, किंवा उरलेलं पाणी भोकातून ओता. शेवटी भोकात बोट घाला. पाणी बोटाला लागलं पाहिजे. मी आजही बोट घातल्याशिवाय बूच लावत नाही.

मग झडप आणि बूच दोन्ही घट्ट बंद. माझ्याकडून एकदा बुचाचा आटा वाकडा बसला होता. तासभर शिडावर मजेत गेलो, आणि खाली येऊन टेकायला गेलो तर गादी हाताला गार लागली. बोट कलली की बुचातून थोडंथोडं पाणी केबिनमध्ये येत होतं. गादी भिजली याचं काही नाही; टाकी तेवढी रिकामी होत होती, ते वाईट.

माणसं कुठे बसतात

75 किलोची पाच माणसं म्हणजे 375 किलो. टाकीतल्या पाण्याच्या जवळजवळ पाऊण पट वजन, आणि तेही छतावर चढलेलं. टाकी तळाशी जे कमावते ते ही मंडळी वर बसून घालवतात. 4 जुलै 2002 रोजी अमेरिकेतल्या लेक शॅम्प्लेनवर अशाच 26 फुटी बोटीत 11 जण होते आणि टाकी रिकामी होती. बोट उलटली आणि दोन मुलं दगावली.

म्हणून निघण्यापूर्वी बोटीवर किती माणसं चालतात ते उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहा. भरल्या आणि रिकाम्या टाकीसाठी आकडे वेगळे असू शकतात. टाकी रिकामी असेल तर शीड अजिबात चढवायचं नाही, छतावर आणि पुढच्या डेकवर कोणी नाही, सगळे खाली बसलेले, पाणी सपाट. ‘ते बघ, ते बघ’ म्हणत सगळे एका बाजूला धावले तर काय होईल, हे आधीच सांगून ठेवा.

शिडावर

सेंटरबोर्ड (तळातून खाली सोडायची आणि वर ओढून घ्यायची फळी) खाली, दोन्ही सुकाणू खाली, टाकी भरलेली. मोठ्या शिडाची ओढदोरी, म्हणजे मेनशीट, हातात ठेवा. अडकवून ठेवू नका. वाऱ्याचा झोत आला तर पहिलं काम ती सैल सोडणं. सुकाणूशी कुस्ती खेळत बसू नका, कारण बोट फार कलली की सुकाणूची पकड जाते आणि ती आपोआप वाऱ्याच्या तोंडाकडे वळते.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा 10 नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) 15 झाला तर शिडावरचा दाब सव्वादोन पट होतो. पाण्यावर जागोजागी पांढरे तुरे दिसू लागले, म्हणजे वारा साधारण 11 ते 16 नॉटच्या घरात आला, की शीड आखडून घ्या. आखडायचं का, असा प्रश्न मनात आला, तेव्हाच आखडायला हवं होतं. 20 अंशांपलीकडे कलवून या बोटीला काही मिळत नाही, ती फक्त आडवी घसरते.

वाऱ्याच्या तोंडाशी जायचं असेल तर मोठं शीड ठेवून इंजिन मंद चालवा. शिडामुळे डुलणं कमी होतं. फक्त पंखा पाण्याबाहेर येऊन इंजिन किंचाळतंय का, याकडे कान ठेवा.

इंजिनावर

हळू चालताना या बोटीचा खरा शत्रू वारा. बाजू उंच, वजन कमी. धक्क्याजवळ पुढचं टोक कागदासारखं उडतं. सेंटरबोर्ड अर्धा खाली आणि सुकाणू पाण्यात ठेवलं की बोटीला जमिनीवर पाय टेकल्यासारखी पकड मिळते. शक्यतो वाऱ्याला सामोरं जाऊन लागा.

वेग घेताना मात्र उलट. सेंटरबोर्ड पूर्ण वर, सुकाणूही वर. खाली राहिलेला बोर्ड वेगात वळताना अडखळतो आणि बोट त्याच्यावरून पलटू शकते. वळण रुंद घ्या, आधी वेग कमी करा.

टाकी रिकामी करताना

बऱ्याच बोटींत झडप आणि बूच उघडून वेगाने सरळ गेलं की पुढचं टोक उचलतं आणि पाणी मागून वाहून जातं. या काही मिनिटांत टाकी अर्धी असते, म्हणजे बोट सगळ्यात नाजूक अवस्थेत. सपाट पाणी, सरळ रेषा, सगळे बसलेले. रिकामी झाली की वेग कमी करण्याआधी झडप बंद करा, नाहीतर टाकी परत भरू लागते.

उतारावरून ट्रेलरवर चढवल्यावर झडप उघडी ठेवा आणि वर येऊन पाच-दहा मिनिटं थांबा. 520 किलो पाणी तसंच घेऊन निघालात तर टायर आणि गाडीचे ब्रेक दोन्ही त्रासात. धार थेंबांवर आली की ट्रेलरचं पुढचं टोक जरा उचला; कोपऱ्यात साचलेलं बादलीभर तरी अजून निघतं. एका तळ्यातलं पाणी दुसऱ्यात न्यायचं नाही, त्यातून नको ते शिंपले आणि शेवाळ पसरतं. घरी पोचल्यावर हवेचं बूच उघडंच ठेवा, टाकी आतून वाळू द्या.