जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये कसा आणावा

१९९०च्या दशकापासून पुढे बरीच वर्षे दिवाळी अंक, स्मरणिका आणि संस्थांचे अहवाल श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींच्या फॉन्टमध्ये टाइप होत असत. अशा बहुतेक फायलींत प्रत्यक्षात रोमन लिपीचे संकेतांक असतात आणि देवनागरी रूप देण्याचे काम केवळ फॉन्ट करतो. त्यामुळे ‘पीडीएफ करून ठेवा’ हा सर्रास मिळणारा सल्ला अपुरा आहे. पान नीट दिसते, पण त्यात शब्द शोधता येत नाही आणि मजकूर कॉपी केला की निरर्थक चिन्हे हाती येतात. म्हणून तो युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेतांक देणाऱ्या प्रमाणित पद्धतीत, आणावा लागतो.

फायली साडेतीन इंची फ्लॉपीवर असतील, तर ती वाचायला यूएसबीने जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह पुरतो. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून छिद्र उघडे ठेवावे, म्हणजे तिच्यावर नव्याने काही लिहिले जाणार नाही. मूळ फायली त्यांच्या फॉन्टसह एका फोल्डरमध्ये ठेवून पुढचे सर्व काम प्रतीवर करावे. वर्डच्या जुन्या फायली लिबरऑफिस या मोफत प्रणालीत उघडतात. पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या जुन्या प्रणालीच्या ६ आणि ७ या आवृत्त्यांतील फायलींसाठी तशाच कामाच्या इनडिझाइनची सीएस६पर्यंतची आवृत्ती चालते.

खरी कसोटी रूपांतराची आहे आणि मलाही सर्वाधिक झगडावे लागले ते इथेच. फाइल कधीही आधी साध्या टेक्स्टमध्ये सेव्ह करू नये, कारण कोणता शब्द कोणत्या फॉन्टमध्ये होता ही माहिती तिथेच नष्ट होते आणि मग कन्व्हर्टर, म्हणजे रूपांतर करणारा प्रोग्रॅम, मजकुरातल्या इंग्रजी शब्दांचेही देवनागरी कडबोळे करतो. फॉन्टचे नेमके नाव पाहून त्याच फॉन्टसाठी बनवलेला कन्व्हर्टर वापरावा. ‘सगळ्या फॉन्टना चालतो’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होत असे. युनिकोडमध्ये हे दोन्ही क्रम नेमके उलटे आहेत. साधे अक्षर बहुतेक कन्व्हर्टर सांभाळतात, पण ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी संपूर्ण जोडाक्षर ओलांडून गेली पाहिजे आणि ‘मूर्ती’मधला रफार दुसरी वेलांटी आणि ‘त’ या दोन्हींच्या मागे गेला पाहिजे. तो एकच पाऊल मागे गेला तर शब्द मोडतो. अशा ठिकाणी बहुधा ठिपक्यांचे वर्तुळ दिसते, म्हणून ही चूक निदान लपत नाही.

लपते ती ‘वऱ्हाड’मधल्या अर्ध्या ‘ऱ’ची चूक. हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरला हे अक्षर माहीत नसेल, तर तो ‘वर्हाड’, ‘पुढार्यांनी’ असे लिहून मोकळा होतो. ‘आचाऱ्यांना बोलावले’चे ‘आचार्यांना बोलावले’ झाले, तर स्वयंपाक्यांच्या जागी गुरुजन येतात आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीला त्यात काहीच वावगे दिसत नाही. यावर सरसकट ‘रिप्लेस ऑल’ करणे घातक आहे, कारण ‘कार्य’, ‘सूर्य’ आणि ‘अर्हता’ मुळातच बरोबर आहेत. ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनीच तपासावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून केलेले रूपांतर मी जतन मानत नाही.

त्यानंतर छापील प्रत समोर ठेवून एकाने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर पाहावे. विशेषनामे आणि आकडे तरी याच पद्धतीने तपासावेत. छापील प्रत नसेल तर जुना फॉन्ट बसवलेल्या संगणकावर मूळ फाइल उघडून तिच्याशी ताडावे.

तयार मजकूर ओडीटी (लिबरऑफिसचे बदलता येणारे स्वरूप) आणि पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतनासाठीची पीडीएफ) या दोन्ही स्वरूपांत ठेवावा. प्रती तीन असाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावी, आणि वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून पाहावी. मूळ फॉन्ट, वापरलेला कन्व्हर्टर, तपासणाऱ्याचे नाव आणि तारीख यांची नोंद त्याच फोल्डरमध्ये ठेवावी, म्हणजे पुढे एखादा शब्द संशयास्पद वाटला तर मूळ फाइलपर्यंत परत जाता येईल.