काळ्या मातीत परसबाग, तीही कंबर सांभाळून

मराठवाड्यात परसबागेच्या कामानं कंबर धरते ती बहुतेक वेळा चुकीच्या दिवशी खणल्यामुळं. आपली काळी माती वाळली की भेगाळते, दगडासारखी होते. टिकाव उसळतो आणि हादरा मनगटातून खांद्यापर्यंत जातो. तीच माती भिजली की खोऱ्याला चिकटून बसते, प्रत्येक खोरं दुप्पट जड. म्हणून आधी वाफसा, म्हणजे खणायला योग्य अशी ओल, बघा.

चार बोटं खोल उकरून मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा वळतच नसेल तर माती कोरडी आहे. पाणी देऊन एक-दोन दिवस थांबा. तळहाताला चिकटत असेल, पडूनही तसाच राहत असेल, तर ओल जास्त आहे. पडताच फुटून भुगा झाला की वाफसा आला, आता खणा. मृगाची पहिली सर पडली की सगळ्यांचेच हात शिवशिवतात, पण एक-दोन दिवस ऊन पडू द्या.

वाफे आखतानाच शरीराचा विचार करा. दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल तर वाफा जास्तीत जास्त चार फूट रुंद, भिंतीला लागून असेल तर दोनच फूट. वाकून पलीकडचं तण उपटण्यातच पाठ जाते. गुडघे दुखणाऱ्यांनी विटा रचून दोन-अडीच फूट उंच वाफा करावा, किंवा जुन्या ड्रममध्ये, खाली भोकं पाडून, मेथी-पालक लावावा.

खुरपणीला तासन्‌तास उकिडवं बसू नका. बुटका पाट घ्या, किंवा गोणपाटाची चौघडी करून एक गुडघा त्यावर टेका आणि थोड्या वेळानं गुडघा बदला. हात लांबवण्यापेक्षा पाटच पुढं सरकवा. खुरप्याची मूठ बारीक असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जाड करा, बोटं कमी आवळावी लागतात. आणि धार लावून घ्या. बोथट खुरपं सगळा जोर मनगटाकडून वसूल करतं. वीस-पंचवीस मिनिटांनी काम बदला: खुरपणीनंतर रोपं बांधा, मग पाणी.

घमेलं उचलताना त्याच्या अगदी जवळ जा, एक पाऊल पुढं ठेवा, गुडघ्यात वाका, घमेलं पोटाशी धरा आणि पायांच्या जोरावर उठा. माती टाकताना कंबरेतून पिळू नका, पावलं वळवा. घमेलं अर्धंच भरा. दोन खेपा जास्त झाल्या तरी चालतील.

पाण्याचं ओझं मात्र कुणी मोजत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो, तेही एकाच हाताला. दोन बादल्या अर्ध्या-अर्ध्या भरून दोन्ही हातांत न्या. त्याहून बरं म्हणजे खेपाच कमी करणं. रंग न दिलेलं मातीचं मडकं झाडांच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरा, भरा, तोंड झाका. पाणी झिरपत राहतं. वर सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट अंथरलं की ओल टिकते, तणही कमी येतं, म्हणजे खुरपणीही वाचली. टंचाईच्या आपल्या भागात तर हे करायलाच हवं.

उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडं पारा बेचाळीसच्या वर जातो. एप्रिल-मेमध्ये काम सकाळी नवाच्या आत किंवा दिवस कलल्यावरच. डोक्याला रुमाल, जवळ पाण्याची बाटली, मधून ताक. गरगरलं, पोटऱ्यांत गोळे आले की लगेच सावलीत बसा, अंगावर पाणी मारा. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपली तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

पाचटाचा ढीग, विटा, कुंड्या उचलण्याआधी काठीनं हलवून बघा. विंचू आणि साप गारव्याला तिथंच बसतात. पायात चपलेऐवजी बूट हवेत. साप चावलाच तर चिरणं, घट्ट आवळून बांधणं यात वेळ न दवडता सरळ दवाखाना गाठा.

कामानंतर एक-दोन दिवस अंग दुखलं तर काळजी नाही. पण कळ कमरेतून पायात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर खुरपं बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. तोवर पाणी घालायचं काम घरातल्या पोरांकडं द्या.