चाळीसाव्या नंबरपासून ऐका

जुन्या अमेरिकन काउंटडाउनचं, म्हणजे आठवड्याची लोकप्रिय गाणी खालच्या नंबरापासून पहिल्यापर्यंत वाजवणाऱ्या रेडिओ कार्यक्रमाचं, पुनःप्रसारण ऐकायचं असेल तर एक अट आधीच सांगून टाकते: चाळीसाव्या नंबरपासून ऐकायचं. शेवटच्या अर्ध्या तासात शिरून वरची पाचच गाणी ऐकायची असतील तर रेडिओची गरज नाही, ती फोनवर केव्हाही वाजतात. या कार्यक्रमात हाती लागतो तो एक अख्खा आठवडा. १९७६ च्या एप्रिलमधला किंवा १९८४ च्या जानेवारीतला, जसाच्या तसा. आणि तो सांगणाऱ्या माणसाला पुढच्या आठवड्यात काय होणार याचा पत्ता नसतो. मला या कार्यक्रमाची ओढ लागली ती नेमकी यामुळे.

कार्यक्रमाचं नाव 'अमेरिकन टॉप फोर्टी'. १९७० च्या जुलैत, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन शनिवारी आला होता, त्या शनिवार-रविवारी तो सुरू झाला. निवेदक केसी केसम. बिलबोर्ड साप्ताहिकाच्या 'हॉट हंड्रेड' यादीतली वरची चाळीस गाणी तो उलट्या क्रमाने वाजवायचा. आधी तीन तास, मग गाणी लांबत गेली तशी १९७८ च्या ऑक्टोबरपासून चार तास. केसीने १९८८ च्या ऑगस्टपर्यंत हे काम केलं. कार्यक्रम दर आठवड्याला तबकड्यांवर छापून टपालाने गावोगावच्या स्टेशनांना जायचा. आता सत्तरच्या दशकातले तीन तासांचे आणि ऐंशीच्या दशकातले चार तासांचे भाग अमेरिकेतली कितीतरी स्टेशनं शनिवार-रविवारी पुन्हा लावतात. बहुधा आज जी तारीख असेल तिच्या आसपासचाच जुना आठवडा निवडतात. म्हणजे ऑगस्टमध्ये ऑगस्टचीच यादी, वर्ष मात्र दर वेळी वेगळं.

मी तो पहिल्यांदा ऐकला ओहायोतल्या माझ्या भाच्याच्या गाडीत. इंदूरला परत आले तेव्हा वाटलं, आता हे संपलं. संपलं नाही. लोकमान्य नगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात तो आता नियमाने वाजतो, त्यामुळे कसा शोधायचा ते नीट सांगते.

फोनवर रेडिओचं कुठलंही चांगलं ॲप घ्या. रेडिओ गार्डनमध्ये पृथ्वीचा गोल फिरवून गावावर बोट ठेवलं की तिथलं स्टेशन लागतं. ट्यूनइनमध्ये नावाने शोधता येतं. पण स्टेशन निवडण्याआधी त्याच्या वेबसाइटवर जाऊन शनिवार-रविवारचं वेळापत्रक पाहा. कार्यक्रमाचं नाव आणि पुढे 'सेव्हन्टीज' किंवा 'एटीज' असं दिसलं की काम झालं. काही स्टेशनं, विशेषतः मोठ्या कंपन्यांची, अमेरिकेबाहेर वाजत नाहीत. तिथे वेळ घालवू नका. लहान गावांतली स्टेशनं बहुतेक वेळा मोकळी असतात, आणि मला तीच जास्त आवडतात. मधल्या जाहिरातींत तिथलं फर्निचरचं दुकान असतं, शाळेचा फुटबॉल सामना असतो, उद्या बर्फ किती पडणार ते असतं. आपल्याकडे बाहेर सेव-परमलवाल्याची हाक चाललेली असते आणि आत बर्फाचा अंदाज. दोन-तीन स्टेशनं खूण करून ठेवा, कारण एखादं ऐनवेळी सामन्याचं प्रसारण लावून मोकळं होतं.

वेळेचा हिशेब सगळ्यांना गोंधळात टाकतो, म्हणून तो वहीच्या पहिल्या पानावरच लिहा. अमेरिकेच्या पूर्व भागात, म्हणजे न्यूयॉर्क, ओहायोकडे, जी वेळ असेल तिच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवायचे, हिवाळ्यात साडेदहा. शिकागोकडची वेळ असेल तर साडेदहा आणि साडेअकरा. कॅलिफोर्नियाची असेल तर साडेबारा आणि साडेतेरा. ओहायोत रविवारी सकाळी ९ वाजता लागणारा कार्यक्रम आपल्याकडे उन्हाळ्यात रविवारी संध्याकाळी ६:३० ला येतो, हिवाळ्यात ७:३० ला. त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. मी लक्षात ठेवते ते असं: होळी-रंगपंचमीच्या सुमारास कार्यक्रम तासभर आधी यायला लागतो, दिवाळीच्या मागेपुढे तासभर उशिरा.

डेटाची काळजी फार करू नका. १२८ केबीपीएसच्या प्रसारणाला तासाला साधारण ५८ एमबी लागतात. चार तासांचा कार्यक्रम २३० एमबीत होतो. काळजी फोन येण्याची करा. थेट प्रसारण मागे नेता येत नाही. बत्तिसावा नंबर चालू असताना कुणाचा फोन आला की तो नंबर गेला. घरात जुना, सिमकार्ड काढलेला फोन पडला असेल तर तो वायफायवर लावून त्याला स्पीकर जोडा. गणपतीच्या दहा दिवसांत आमच्या गल्लीत मांडवाचा आवाज असतो, तेव्हा मी हेडफोन लावते.

आता ऐकायचं कसं. एक वही घ्या. डाव्या बाजूला ४० पासून १ पर्यंत आकडे लिहून ठेवा. यादी आधी शोधून पाहू नका. कुठल्या आठवड्याची यादी आहे ते कळणं पुरे, पुढचं केसीला सांगू द्या. गाणं लागलं की नाव, गायक, आणि तो सांगेल ते: किती घरं चढलं, किती उतरलं, नवीन आलं का. इंग्रजीची भीती नको. केसी स्वच्छ बोलतो, आकडा ठळक सांगतो. त्याची एक सवय आहे. जाहिरातीच्या आधी तो एखाद्या गायकाबद्दल कोडं टाकतो आणि उत्तर जाहिरातीनंतर देतो. कोडंही वहीत लिहून ठेवा, नाहीतर तिकडे भाजी ढवळून येईपर्यंत उत्तर निसटतं.

प्रत्येक नव्या गाण्यापुढे तुमचा अंदाज लिहा: हे कुठवर जाईल? प्रामाणिकपणे लिहा, आज त्या गाण्याबद्दल जे माहीत आहे ते बाजूला ठेवून. हे कठीण आहे आणि सगळी मजा यातच आहे. केसी मॅडोनाचं 'हॉलिडे' वाजवतो तेव्हा त्याच्यासाठी ती एक नवीन मुलगी असते. ते गाणं १९८४ च्या सुरुवातीला सोळाव्या नंबरपर्यंत गेलं आणि उतरलं. त्या आठवड्यांत तिच्यापेक्षा वर जी पंधरा गाणी होती ती ऐका. काही तुम्हाला पाठ असतील, काही आयुष्यात कधी कानावर आली नसतील. तेव्हा मात्र सगळी एकाच रांगेत उभी होती.

'बोहेमियन रॅप्सडी' घ्या. आज ते गाणं सगळ्या जगाला माहीत आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत ते नवव्या नंबरच्या वर गेलं नाही. १९९२ मध्ये परत आलं तेव्हा दुसऱ्यापर्यंत पोहोचलं. उलट १९७७ मध्ये डेबी बूनचं 'यू लाइट अप माय लाइफ' सलग दहा आठवडे पहिल्या नंबरवर होतं. सत्तरच्या दशकात तेवढं कुणीच टिकलं नाही. आज ते किती जणांना आठवतं? त्या शरद ऋतूतला एखादा भाग मिळाला तर ऐकाच. केसीच्या आवाजात त्या गाण्याबद्दल खरा आदर आहे, आणि तो खोटा ठरवण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. दहा आठवडे लोकांनी ते मनापासून ऐकलं होतं.

मला सगळ्यात जास्त जीव लागला तो दुसऱ्या नंबरवर अडकलेल्या गाण्यांचा. फॉरिनर या बँडचं 'वेटिंग फॉर अ गर्ल लाइक यू' १९८१ च्या अखेरीस दुसऱ्या नंबरवर आलं आणि तिथे दहा आठवडे राहिलं. वर ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं 'फिजिकल' हलायला तयार नाही. 'फिजिकल' एकदाचं उतरलं, तर हॉल अँड ओट्सचं गाणं पुढे गेलं. पहिला नंबर कधी मिळालाच नाही. नुसती यादी वाचली तर ही एक ओळ आहे. पण त्या हिवाळ्यातले दोन भाग लागले आणि केसीने पुन्हा 'नंबर टू' म्हटलं की पोटात तुटतं.

काय वाजत नाही, तेही लिहायला शिका. सत्तरच्या दशकातलं रॉक म्हटलं की ज्याचं नाव आधी घेतात ते 'स्टेअरवे टू हेवन' या कार्यक्रमात त्या वर्षांत सापडणार नाही. ते तिकडे सिंगल, म्हणजे एका गाण्याची वेगळी तबकडी, म्हणून विक्रीला काढलंच नव्हतं, आणि ही यादी सिंगल तबकड्यांची विक्री आणि रेडिओवर वाजण्यावर बनायची. दुकानं आणि स्टेशनं जे कळवतील त्यावर हिशेब चालायचा. १९९१ च्या अखेरीस मोजणी यंत्रावर गेली तेव्हा यादीचा स्वभावच बदलला, गाणी पुष्कळ जास्त आठवडे ठाण मांडून बसायला लागली. केसीच्या काळातली यादी भराभर हलते. म्हणून ऐकायला तीच चांगली.

आपल्या कानाला ओळखीचं काही हवं असेल तर डिसेंबर १९७४ च्या पहिल्या पंधरवड्यातला भाग शोधा. पहिल्या नंबरवर कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग'. त्याचा निर्माता बिड्डू, बंगलोरचा. पुढे १९८० मध्ये 'कुर्बानी'त नाझिया हसनच्या आवाजात 'आप जैसा कोई' आलं, ते त्याचंच. ते गाणं राजवाड्याच्या आसपासच्या प्रत्येक कॅसेटच्या दुकानात वाजत असे. त्याच माणसाचा ठेका अमेरिकेच्या पहिल्या नंबरवर, सहा वर्षं आधी.

माझ्या थोरल्या जाऊबाई गीतमालेच्या पिढीतल्या. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोन लागलं की घरात कुणी बोलायचं नाही, असा त्यांच्या माहेरचा नियम होता. पहिल्यांदा केसी ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, हा आपल्या अमीन सयानींसारखाच गाण्याआधी उत्सुकता लावून ठेवतो."

"वहिनी, इंग्रजी कळतंय ना पण?"

"नंबर कळतो. आवाजातला आनंद कळतो. बाकी तू सांग."

त्यांचं म्हणणं खरं आहे. गीतमाला १९५२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली, अमेरिकेतल्या या कार्यक्रमाच्या कितीतरी आधी. तिकडे जसे श्रोत्यांचे संदेश, तशी इकडे पत्रं. केसीने १९७८ पासून 'लाँग डिस्टन्स डेडिकेशन' सुरू केलं: दूर गेलेल्या माणसासाठी कुणीतरी पत्र लिहायचं, केसी ते वाचायचा आणि मग ते गाणं लावायचा. तिथे वही बंद करा. ती पत्रं लिहून घेण्यासाठी नाहीत. एखादी बाई तिच्या सैन्यातल्या भावाबद्दल लिहिते, आणि ज्यांचे भाऊ-भाचे परदेशात आहेत त्यांना ते समजायला शब्दकोश लागत नाही.

गीतमाला आज ऐकायची असेल तर सारेगामाने काढलेले 'गीतमाला की छाँव में' चे भाग आहेत. जरूर ऐका. पण फरक लक्षात घ्या: ते अमीन सयानींनी नंतरच्या काळात नव्याने निवेदन करून बांधलेले आहेत. गोडवा तोच, आठवणी जास्त, मात्र तिथे सांगणाऱ्याला सगळ्या गाण्यांचं पुढे काय झालं ते ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओ टूवर 'पिक ऑफ द पॉप्स' लागतो, त्यातही जुनी यादी आजचा निवेदक सांगतो. दोन्ही सुंदर आहेत. पण त्या आठवड्यातच उभं राहून ऐकायचं असेल तर मूळ ध्वनिमुद्रणच हवं.

सुरुवात कुठल्या वर्षापासून करावी? तुमच्या कॉलेजच्या वर्षांपासून करू नका. तिथे तुम्ही गाणी ऐकत नाही, स्वतःला ऐकता. ज्या वर्षाशी तुमचा काही संबंध नाही तिथून करा. मी सत्तरच्या सुरुवातीचे तीन तासांचे भाग सुचवते. आटोपशीर असतात, आणि एकाच तासात सोल, कंट्री, रॉक आणि एखादं भजनासारखं गाणं शेजारी शेजारी येतं. ऐंशीच्या दशकाचे चार तास नवख्याला लांबतात. स्टेशनने पहिला तास कापलेला असेल तर ते स्टेशन सोडा; पंचवीस-तिसाव्या नंबरपासून सुरू होणारा काउंटडाउन अर्धा काउंटडाउन.

तरुण मुलांना शेजारी बसवायचं असेल तर त्यांना वही द्या, तुम्ही ऐका. आमच्या शेजारचा अकरावीतला मुलगा एकही गाणं ओळखत नाही, आणि म्हणूनच त्याचे अंदाज माझ्यापेक्षा चांगले येतात. त्याला कुणाचं नाव मोठं हे माहीतच नसतं, तो फक्त ऐकतो.

कार्यक्रम संपल्यावर लगेच यादी उघडू नका. चहा घ्या, वहीतली तुम्हाला नवी वाटलेली तीन गाणी निवडा. मग बिलबोर्डच्या वेबसाइटवर त्या तारखेची 'हॉट हंड्रेड' काढा आणि पुढच्या चार-सहा आठवड्यांत ती कुठे गेली ते पाहा. तुम्ही वर जाईल म्हणालात आणि ते गाणं अठ्ठाविसाव्या नंबरवरून परत फिरलं असेल, तर त्याच्यापुढे तो आकडा लिहा, आणि ते गाणं शोधून पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका.