अँटीहिरोला खरंखुरं वाटणारं मूल कसं द्यावं

रक्ताने माखलेला अँटीहिरो, म्हणजे वाकड्या वाटेने जाणारा नायक, पोरीची वेणी घालताना दिसला की वाचक विरघळतो. पण बहुतेक कॉमिक्समध्ये पुढच्याच अंकात त्या पोरीला कुणीतरी पळवतं, बापाला सूडाचं निमित्त मिळतं आणि तिचं काम संपतं. हे टाळायचं तर:

१. आधी नेमकं वय ठरवा. नुसतं ‘लहान’ चालणार नाही. २ वर्षांचं मूल दोन-दोन शब्द जोडून बोलतं, ४ वर्षांचं ‘का?’ विचारून भंडावतं, साधारण सहाव्या वर्षी दुधाचे दात पडू लागतात. मेलेलं माणूस परत येत नाही, हेही बऱ्याच मुलांना ५ ते ७ वर्षांच्या दरम्यानच नीट कळतं. त्यामुळे ४ वर्षांच्या मुलीला ‘आई गेली’ सांगितलं, तर ती विचारेल, “मग उद्या येईल?”

२. तिला तिचा हट्ट द्या, कथानकाशी काडीचा संबंध नसलेला. समजा, खाली गाड्यांची दारं आपटली. बापाला अर्ध्या मिनिटात निघायचंय. पोरीने डावा बूट उजव्या पायात घातलाय.
“उलटा आहे तो. दे इकडे.”
“मी घालणार!”
जिन्यावर पावलं वाजतात. ती बूट काढते आणि पुन्हा त्याच पायात घालते. अख्खं शहर ज्याला टरकतं, तो गुडघ्यावर बसून वाट बघतोय. एका चौकटीत बूट, पुढच्या चौकटीत जिना, असं पानभर चालू द्या. तिच्या तोंडी शहाणपणाची वाक्यं मात्र घालू नका. मोठ्यांना आरसा दाखवणारी पोरं मला तरी सोसत नाहीत.

३. चित्रात मोठ्या माणसाला नुसतं छोटं करू नका. प्रौढाची उंची डोक्याच्या सुमारे साडेसात पट असते, ५ वर्षांच्या मुलाची साधारण ५ ते साडेपाच पट. अधूनमधून चौकट तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा: तिथून बाप म्हणजे गुडघे, पट्टा आणि पिस्तूल.

४. तो रात्रभर बाहेर असताना ती कुणाकडे असते? एका चौकटीत उत्तर द्या, पण द्याच.

५. ती बापाचं काय उचलते? खरी गंमत इथे आहे. तो झोपण्यापूर्वी कडी दोनदा तपासतो, म्हणून तीही बाहुलीच्या घराची तपासते. मग एक दिवस ती शाळेत कुणाचं तरी बोट पिरगळते, अगदी त्याच्याच पद्धतीने. त्यावर तो तिला काय सांगेल, ते लिहून बघा. वाक्य अर्ध्यावर अडलं तर पुरं करू नका, संवादाच्या फुग्यात तसंच राहू द्या.