दारू सोडवायच्या घाईत या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात औषधाचं दुकान चालवणाऱ्याला गावातली कुठली घरं दारूनं गांजली आहेत हे पोलिसांच्या आधी कळतं. कुणी झोपेची गोळी मागतं, कुणी लिव्हरचं टॉनिक, कुणी नुसतं ‘उतरायला काहीतरी’. माणसं वाईट नसतात, घाईत असतात. पंधरा वर्षं मुरलेलं व्यसन येत्या सोमवारपर्यंत सुटायला हवं असतं, कारण मंगळवारी मुलगी बघायला पाहुणे यायचे असतात. या घाईपायी होणाऱ्या त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आलाय, म्हणून हे लिहितोय.

खोलीत कोंडून ‘आजपासून बंद’

सगळ्यात धोक्याची चूक हीच, आणि सगळ्यात कौतुकानं केली जाते तीही हीच.

सकाळी डोळे उघडल्याबरोबर ज्याला नाइंटीचा टेट्रा पॅक लागतो, त्याचं शरीर दारूच्या गुंगीशी जुळवून घेऊनच चाललेलं असतं. ती गुंगी एका दिवसात काढून घेतली की मेंदू उसळतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, ओकाऱ्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: ताप, धडधड, नसलेली माणसं दिसणं, आपण कुठे आहोत याचा पत्ता नसणं. यात माणूस दगावतो. दारू पिऊन मरतात हे सगळ्यांना माहीत असतं. ती एकदम सोडूनही मरतात हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात, जणू मी वाइन शॉपवाल्याचा भागीदार आहे.

जांबोटीकडच्या एका गवंड्याची गोष्ट सांगतो. आषाढीच्या तोंडावर आईनं हट्टानं त्याच्या गळ्यात माळ घातली. माळेवर माझा राग नाही. माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, पण ती बहुतेक अधूनमधून पिणारी होती. हा रोजचा, सकाळपासूनचा. पहिल्या दिवशी सगळं घर खूश. दुसऱ्या दिवशी हातातला चहाचा पेला स्थिर राहीना, तेव्हा ‘अशक्तपणा’ म्हणून गावातच एक बाटली सलाईन लावून झाली. तिसऱ्या रात्री गडी घोंगडीवरच्या मुंग्या वेचायला लागला. एकेक चिमटीत धरून बाजूला ठेवायचा. घोंगडीवर एकही मुंगी नव्हती. मग वारलेल्या बापाशी बोलायला लागला, कामावरच्या पोरांना ‘माल आण’ म्हणून हाका मारायला लागला. झालं! लागीर झालं. देवऋषी आला, अंगारा लावला, नारळ आणि कोंबडी घेऊन गेला. जाताना खाटेला बांधून ठेवायला सांगून गेला.

मी शटर ओढत होतो तेव्हा त्याचा मेव्हणा आला. “अण्णा, झोपेची कडक गोळी द्या की एक. दाजी आवरंना झालेत.” मी विचारलं, शेवटचं कधी घेतलं? म्हणाला, “तेच की ओ, माळ घातल्यापास्नं थेंब नाही.” गोळी दिली नाही. त्याच्याच फोनवरून 108 ला लावायला सांगितलं आणि रात्रीतच बेळगावला सिव्हिलला न्यायला लावलं. माणूस वाचला. आजही त्याच्या घरात कोंबडीनंच काम केलं असं मानतात. मी वाद घालत नाही.

अशा वेळी मी तीनच गोष्टी विचारतो. शेवटचं कधी घेतलं? सकाळी उठल्या उठल्या लागते का? आधी कधी सोडताना फिट आली होती का, भ्रम झाला होता का? सकाळची लागत असेल किंवा आधी असं झालेलं असेल, तर घरच्या घरी प्रयोग नाही. आधी डॉक्टर, मग शपथ. डॉक्टर काही दिवस गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करत आणतात, सोबत बी-1 जीवनसत्त्व देतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात ते फार कमी उरलेलं असतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून ‘एक बाटली लावा, उतरेल’ हा सल्ला देणाऱ्यापासून दोन हात लांब राहा. आणि दवाखान्यात पोचेपर्यंत हातातली बाटली हिसकावून मर्दुमकी गाजवू नका.

झोपेच्या गोळीचंही एकदाच सांगून टाकतो. अल्प्राझोलामसारखी गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही, वेगळ्या रजिस्टरात पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहावं लागतं. ‘ओळखीचे आहात, द्या की’ म्हणू नका. दारूवर ही गोळी पडली तर श्वास मंदावतो. दारू सुटली आणि गोळी धरली, अशीही घरं आहेत.

चहात गुपचूप गोळी

‘पेशंटला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती वडापच्या काचेवर असतात, मोबाईलवर असतात. त्यातल्या पुड्यांमध्ये काय असतं ते देव जाणे. काही जण मात्र डायसल्फिरामचं नाव कुठून तरी लिहून आणतात आणि आमटीत कुटून घालायचा बेत सांगतात.

हे औषध खरं आहे आणि नीट वापरलं तर उपयोगी आहे. ते अंगात असताना दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, डोकं फुटायला येतं, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळू शकतो. ज्याला माहीत आहे तो या भीतीनं थांबतो. ज्याला माहीतच नाही तो थांबणार कसा? तो नेहमीसारखा पिणार आणि हृदय कमजोर असेल तर जिवावर बेतणार. म्हणून डॉक्टर तपासण्या करून, त्याची संमती घेऊन आणि शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास गेल्यावरच ते सुरू करतात. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा त्या काळात चालत नाही, तेव्हा औषध घेताना दुकानदाराला सांगा.

आणि समजा, काही झालं नाही तरी एक दिवस त्याला कळतंच. मग तो बायकोच्या हातचं जेवायचं बंद करतो. ते परत सुरू व्हायला दारू सुटण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

यांना एकेक ओळ पुरे

लग्न करून दिलं की सुधारेल: नाही सुधारत, दुसऱ्याची पोरगी तेवढी अडकते. गोव्याला कामाला पाठवा, संगत तुटेल: चोर्ला घाट उतरला की दारू इथल्याहून स्वस्त, अजून काय सांगू? पिऊन पडल्याचा व्हिडिओ काढून भावकीच्या ग्रुपवर टाकणं: लाजेनं कुणी सोडत नाही, लाज विसरायला मात्र पितो. रोज दारात उभं राहून तोंडाचा वास घेणं: तो वेलदोडा चघळायला शिकतो, एवढंच. आणि निपाणीच्या तंबाखूला व्यसनात न धरणं, कारण आजोबाही खात होते. आजोबा कशानं गेले तेही विचारा.

पैशाचं जरा जास्त. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 रुपये बाईच्या खात्यावर येतात, ते तिच्याच हातात राहतील एवढं बघा. एटीएम कार्ड त्याच्या खिशात नको. त्यानं केलेली गुत्त्यावरची उधारी बचत संघाचं कर्ज काढून फेडू नका. आई फेडते, भाऊ फेडतो आणि पुढच्या महिन्यात वही परत पहिल्या पानापासून सुरू होते. माणसाला जेवायला वाढा, दवाखान्यात न्या, तापात कपाळावर पट्टी ठेवा. उधारी त्याची त्याला फेडू द्या. यात दुष्टपणा काही नाही. पुळका आणि माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्याकडे पुळक्याला तोटा नाही.

घसरला, म्हणजे संपलं

वडगावातला एक मागवाला. आठ महिने कोरडा राहिला होता. माग पुन्हा दोन पाळ्यांत सुरू झाला होता, पोराची फी वेळेवर गेली होती. मग मेव्हणीच्या लग्नात वरातीच्या रात्री कुणीतरी ग्लास हातात दिला. एकच, बरं का. सकाळी घरात कळलं आणि त्याच्या थोरल्या भावानं त्याची पिशवी गल्लीत फेकली. “आठ महिने नाटक केलंस,” हे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला. बायको रडत माहेरी अनगोळला गेली. मागवाल्यानं काय केलं असेल? नाटकच होतं तर आता कुणासाठी थांबायचं, म्हणून दिवाळीपर्यंत पीत राहिला.

एका ग्लासानं आठ महिने पुसले जात नाहीत. व्यसन हा मधुमेहासारखा परत डोकं काढणारा आजार आहे. लग्नात जिलेबी खाऊन साखर वाढली म्हणून आपण सासऱ्याची पिशवी गल्लीत फेकतो का? घसरणं हे बरं होण्याच्या वाटेवर बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं. त्या रात्री काय झालं यापेक्षा पुढच्या दिवसात घरचे काय करतात यावर पुढचं बरंच ठरतं.

मी सांगतो ते असं. प्यालेल्या माणसाशी त्या रात्री एक अक्षर बोलायचं नाही. तो ऐकत नसतो आणि तुम्ही जे बोलता ते नंतर मागं घेता येत नाही. कुशीवर झोपवा, उलटी घशात अडकायला नको. सकाळी आंघोळ-चहा झाल्यावर एकानंच बसायचं, पाचजणांची पंचायत नको. “कुठं, कुणाबरोबर, त्याआधी मनात काय चाललं होतं?” एवढंच विचारायचं आणि गप्प बसून ऐकायचं. ‘का’ विचारू नका, ‘का’ला तो वकिलासारखं उत्तर देतो. मग दोन दिवसांच्या आत डॉक्टरकडे किंवा एएच्या, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या गटाच्या मीटिंगला. मीटिंगला पैसे पडत नाहीत. भिंतीवरच्या कालनिर्णयावर मी घसरल्याच्या तारखेला खूण करायला सांगतो. त्या खुणा बहुधा पगाराचा दिवस, जत्रा, वरात आणि भांडणानंतरची रात्र यांच्याभोवतीच पडतात. मग पुढच्या वरातीला त्याच्याबरोबर कोण जाणार हे आधीच ठरवता येतं.

त्या मागवाल्याचा दुसरा प्रयत्न चालू आहे. भाऊ आता बोलत नाही, ही प्रगतीच म्हणायची.

दारूच्या आड काय आहे ते न बघणं

बऱ्याच जणांत आधी झोप उडालेली असते, मन खचलेलं असतं, धास्ती बसलेली असते. दारू हे त्यावर त्यानं स्वतःच शोधलेलं औषध असतं. काहींत उलटं, दारूनंच मन खचतं. कुठलं आधी हे तुम्ही-मी ठरवायचं नाही, त्यासाठी मनोविकाराचे डॉक्टर आहेत. बेळगावला सिव्हिलमध्ये आहेत, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. मराठीतच मन मोकळं करता येणाऱ्या माणसाला काही जण मिरज-कोल्हापूरला नेतात, त्यातही काही चूक नाही. समुपदेशक कानडीतून विचारतो आणि आमचा माणूस ‘हौद्री, हौद्री’ म्हणून परत येतो, असा उपचार लागू पडायला वेळ लागतो. सोबत दुभाषा न्या, पण तो घरातला नको. बायकोसमोर काही गोष्टी बोलवत नाहीत.

नैराश्याची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी अर्ध्या तासात काम करत नाही. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून उरलेली पट्टी परत करायला येणारे आणि दोन महिन्यांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून स्वतःच बंद करणारे, दोघंही सहा महिन्यांत पुन्हा माझ्यापुढे उभे असतात.

आणि कुणी ‘मला जगायचं नाही’ म्हणालं तर ‘बोलणारा करत नाही’ असं म्हणून हसण्यावारी नेऊ नका. बोलणारेही करतात. सरळ विचारा, “जीव द्यायचं मनात येतंय का? कसं, कधी, ठरवलंयस का?” विचारल्यानं डोक्यात नवीन भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्या दिवशी त्याला एकटं सोडू नका. शेतीचं औषध आणि घरातल्या गोळ्या कुलपात किंवा शेजाऱ्यांकडे ठेवा. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दिवसरात्र, फुकट चालतो आणि भाषा निवडता येते. प्रयत्न केला असेल तर केस होईल म्हणून दडवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला तीव्र तणावाखाली धरलंय, त्याला शिक्षा करायची नाही.

केंद्र निवडताना

‘गाडी पाठवतो, हातपाय बांधून नेतो’ असं फोनवर सांगणाऱ्या केंद्राला दुसरा फोन करू नका. साखळीनं बांधायला त्याच 2017 च्या कायद्यानं बंदी आहे. विचारायचं ते असं: डॉक्टर किती वेळा येतो, थरथर सुटली तर रात्री कोण बघतं, पेशंटला घरी फोन करता येतो का, आणि घरच्यांना बोलावता का? अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये पुण्याला मुक्तांगण सुरू केलं, तिथं मार नाही, कोंडणं नाही, हे आमच्याकडून जाऊन आलेले सांगतात. बाहेरून कुलूप आणि आत दंडुका एवढ्यावर चालणारी केंद्रंही आहेत. तिथून आलेला माणूस बहुधा बसस्टँडवरूनच थेट गुत्त्यावर जातो.

बायकोला किंवा आईलाही एकदा तपासून आणा. बीपी आणि झोपेच्या तक्रारी घेऊन त्याच जास्त येतात, आणि विचारलं तर म्हणतात, “माझं काय, त्याचं बघा.”

शेवटी दुकानदाराची एक कटकट. मिरजेचा कागद मिरजेलाच, बेळगावचा घरी, आणि धारवाडचा पोरानं विमान करून उडवलेला, असं करू नका. सगळे कागद एका पिशवीत ठेवा आणि जाल तिथं पिशवी न्या. तेही जमत नसेल तर गोळ्यांची रिकामी पट्टी तरी आणा. ‘ती पांढरी, गोल, बारकी’ एवढ्यावरून कुठली ते मला काय, डॉक्टरलाही कळत नाही.