वॉर्डात पॅच मॉनिटरची चाचणी घ्यायची असेल तर

मी बरीच वर्षं स्टाफ नर्स होते. नंतर पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात संशोधन समन्वयक म्हणून लागले. तिथे दोन उपकरणांच्या चाचण्या मी जनरल वॉर्डात चालवल्या. एक म्हणजे छातीवर चिकटवायचा वायरलेस पॅच, जो हृदयाचे ठोके, श्वास आणि त्वचेचं तापमान टिपतो. दुसरा मनगटावरचा पट्टा, ऑक्सिजन मोजणारा. हे काम पहिल्यांदाच अंगावर घेणाऱ्यांसाठी लिहिते आहे. यंत्राची काळजी घ्यायला ते बनवणारी माणसं असतात. तुम्ही जपायचं ते मोजमाप, ज्याच्याशी यंत्र ताडून बघणार. तेच कच्चं निघालं तर महिनाभराची मेहनत वाया जाते.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते. उपकरण अगदी नवीन असेल आणि त्याच्या तोडीचं आधी मंजूर झालेलं काही नसेल, तर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे एमडी-२२ या नमुन्यात अर्ज आणि एमडी-२३ या नमुन्यात परवानगी. एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीची, मंजुरी प्रत्येक वेळी हवीच. सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी करा, कारण १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

संमतीला मात्र वेळ द्या. राउंड संपून जेवणाचे डबे यायच्या मधली वेळ मला बरी पडायची. "काका, हे यंत्र तुम्हाला बरं करणार नाही, आम्ही यंत्राची परीक्षा घेतोय," असं मी पहिल्याच वाक्यात सांगायचे. लोक विचारतात, यात कॅमेरा आहे का, करंट लागेल का, पैसे द्यावे लागतील का. तिन्हींची उत्तरं माहितीपत्रकात साध्या मराठीत लिहा. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार शेजारी हवा, आणि तो चाचणीच्या टीमपैकी चालत नाही.

एक प्रसंग मनातून जात नाही. वडिलांच्या उशाशी रोज रात्री बसणारा एक मुलगा पॅच लावल्यावर बाहेर बाकावर झोपायला लागला. म्हणाला, "आता मशीन बघतंय ना, सिस्टर." पण ते आकडे त्या रात्री कोणीच बघत नव्हतं. नोंदी दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायच्या. त्या दिवशी मी एथिक्स कमिटीकडे बदल पाठवला आणि पत्रकाच्या वरच ठळक वाक्य घालून घेतलं: "या यंत्राचे आकडे कोणीही सतत पाहत नाही. त्रास झाला तर नेहमीसारखं सिस्टरना बोलवा." तुम्ही ते पहिल्या दिवसापासून घाला. आकडे थेट दिसणार असतील, तर कोणत्या आकड्याला कोणी कोणाला फोन करायचा हे पहिला पॅच लावण्याआधी लिहून इन्चार्ज सिस्टरची सही घ्या. रात्रपाळीला हे ठरवायला कोणाला सवड नसते.

आता मोजमाप. सगळ्यात जास्त फसवतो तो श्वास. टीपीआर चार्टवर (तापमान, नाडी, श्वास यांच्या तक्त्यावर) एका ओळीत सगळ्यांचा श्वास २० लिहिलेला तुम्ही पाहिला असेल. तीस रुग्ण आणि दोन सिस्टर असतील तर दुसरं काय होणार? पण त्या चार्टशी पॅच ताडू नका. स्वतः मोजा, पूर्ण ६० सेकंद. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की एक श्वास चुकला तरी चारचा फरक पडतो. रुग्ण किती बिघडलाय ते ठरवणाऱ्या न्यूज-२ गुणपद्धतीत २० ला शून्य गुण आणि २४ ला दोन गुण मिळतात. म्हणजे आपल्या आळसापायी रुग्ण बिघडलेला दिसतो, किंवा बिघडलेला ठीक दिसतो. मोजताना मनगट हातात धरा, जणू नाडी बघताय. श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस तो सांभाळून घ्यायला लागतो. तो बोलत असेल तर थांबा. शक्य असेल तेव्हा दोघींनी एकाच वेळी, एकमेकींना न सांगता मोजा आणि पॅचचा आकडा झाकून ठेवा. खाटेशेजारच्या मल्टिपॅरा मॉनिटरचा श्वासाचा आकडाही खरा मानून चालू नका. तोही छातीच्या इलेक्ट्रोडवरूनच अंदाज घेतो आणि रुग्ण हलला की चुकतो.

ऑक्सिजनची खरी कसोटी धमनीतल्या रक्ताच्या तपासणीवर होते. पण मंजूर प्रोटोकॉलमध्ये (चाचणीच्या लेखी आराखड्यात) नसेल तर केवळ आपल्या चाचणीसाठी कोणाला सुई टोचू नका. डॉक्टरांनी एबीजी (हीच धमनीतल्या रक्ताची तपासणी) लिहिलेली असेल तेव्हा नमुना घेतल्याची अचूक वेळ टिपा. त्वचेचा रंगही नोंदवा. २०२० साली मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये पल्स ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होतं. आपल्याकडे एकाच वॉर्डात किती छटा असतात! उजळ कातडीच्या चार जणांवर यंत्र बरोबर चाललं म्हणून शेतात राबलेल्या माणसाला त्याच्यावर सोपवणं मला मान्य नाही. बोटाला ताडणीचा प्रोब लावताना नेलपॉलिश आणि काळी मेंदी बघून घ्या.

घड्याळाने आमचा पहिला आठवडा खाल्ला. पॅचच्या नोंदी आणि आमचे कागद काही केल्या जुळेनात. पहाटे शांत झोपलेल्या आजींचे त्या वेळचे ठोके यंत्रात भर दिवसासारखे चढलेले दिसायचे. शेवटी कळलं की यंत्र जागतिक वेळ लिहीत होतं, आपल्या साडेपाच तास मागे. त्यात भिंतीवरचं घड्याळ, सिस्टरचं मनगटी घड्याळ आणि मॉनिटर यांच्यात मिनिटामिनिटाचा फरक. म्हणून रोज सकाळी एकच मोबाइल प्रमाण मानून सगळ्या घड्याळांचा फरक सेकंदापर्यंत वहीत लिहा. पॅच हालचाल टिपणारा असेल तर मोजणी सुरू करताना त्यावर बोटाने तीनदा टिचकी मारा आणि वेळ लिहा. नंतर आलेखात तो क्षण लगेच सापडतो.

वायरलेसची परीक्षा रुग्ण घेण्याआधी करा. पॅच स्वतःला लावून घ्या आणि संध्याकाळी नातेवाइकांच्या भेटीच्या वेळी वॉर्डात फिरा. ब्लूटूथ आणि पुष्कळसं वायफाय एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं, आणि तेव्हा प्रत्येक खाटेभोवती चार मोबाइल असतात. बाथरूममध्ये जा, आरसीसीच्या खांबामागे उभ्या राहा, पॅचवर पालथ्या झोपा. शरीरातलं पाणीही लहरी अडवतं. कुठे तुटतं त्याचा वॉर्डाच्या नकाशावर ठिपका द्या. आमचा गेटवे (पॅचच्या नोंदी गोळा करणारा डबा) मात्र लहरींमुळे बंद पडला नव्हता. मोबाइल चार्ज करायला कोणीतरी त्याचा प्लग काढत होतं. आम्ही शेजारी एक्स्टेन्शन बोर्ड लावला, मावशींना आणि मामांना समजावलं, मग प्रश्न सुटला. त्यांना पहिल्याच बैठकीला बोलवा. गादी झाडताना पडलेला पॅच त्यांनाच सापडतो.

लावायच्या आधी जागा साबण-पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा. खोबरेल आणि पावडर दोन्ही निघाली पाहिजेत. केस असतील तर ट्रिमर वापरा, वस्तऱ्याने बारीक जखमा होतात. बायकांना पडदा ओढून सिस्टरनेच लावावा. मंगळसूत्र पॅचवर घासत असेल तर काढायला सांगू नका, पॅचची जागा प्रोटोकॉलमध्ये बसेल तेवढी सरकवा. एमआरआयला नेण्यापूर्वी काढायचा, हे केसपेपरच्या पहिल्या पानावर आणि पाळी बदलताना ओव्हर देतानाही सांगा.

शांत पडून राहणारे रुग्ण निवडायचा मोह होतो. त्यांचे आकडे सुंदर येतात. पण दम्याचे आजोबा, सारखं खोकणाऱ्या बाई, अनियमित ठोक्यांचे काका घ्यायलाच हवेत. अनियमित ठोक्यांत काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून मनगटाच्या पट्ट्यावरची नाडी आणि ईसीजीवरचे ठोके यांचे आकडे वेगळे येतात. ती नोंद खोडू नका.

हिशोब करताना नुसत्या सहसंबंधावर, म्हणजे दोन्ही आकडे सोबत चढतात-उतरतात का यावर, समाधान मानू नका. यंत्र दरवेळी आठने जास्त दाखवत असेल तरी सहसंबंध उत्तम येतो. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये मांडलेली पद्धत वापरा. दोन मोजमापांतला फरक किती आणि तो किती पसरतो, ते त्यात दिसतं. दहा रुग्णांच्या पाचशे नोंदी म्हणजे पाचशे रुग्ण नव्हेत, हे संख्याशास्त्रज्ञाला आधीच सांगा. आणि किती तास नोंद आलीच नाही ते वेगळं, कारणासकट छापा: पॅच सुटला, बॅटरी संपली, रुग्णाने काढला. "खाजत होतं म्हणून काढला" हेही उत्तर आहे. आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलं ते तेच.

पॅच काढताना कडेला कोमट पाण्याचा बोळा धरून हळू सोडवा. ओढू नका, वयस्कर माणसांची कातडी सोबत येते. जागेचा फोटो, परवानगीने, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बघणं. रुग्ण घरी गेला असेल तर फोन करा. "चट्टा उठलाय का?" एवढंच विचारायचं असतं, पण पलीकडून घरचं सगळं ऐकायला मिळतं. त्यासाठी दहा मिनिटं हातात ठेवा.