फॉइडच्या अर्जावर सही करण्याआधी

शिकागो परिसरात नव्यानं उतरलात की घर कुठल्या गावात घ्यावं, बर्फात गाडी कशी चालवावी, कढीपत्ता कुठे मिळतो हे सांगायला मंडळाचे पन्नास लोक पुढे येतात. बंदूक आणि मनाचा आजार या दोन गोष्टींवर कोणी बोलत नाही. बंदूक आपली नाही आणि आजार आपल्या घरात नसतो, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय. मी नेपरविलला २००३ पासून आहे आणि दोन्ही माझ्या घरात होत्या.

इलिनॉयमध्ये बंदूकच काय, साधं काडतूस जवळ ठेवायचं तरी राज्य पोलिसांनी दिलेलं फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकधारकाचं ओळखपत्र, लागतं. ही पद्धत १९६८ पासूनची. फी १० डॉलर, मुदत १० वर्षं. अर्ज कसा भरायचा ते राज्य पोलिसांच्या साइटवर आहे.

एच-वन, एल-वन अशा नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर हा विषय डोक्यातून काढा. केंद्राचा कायदाच तुम्हाला बंदूक बाळगू देत नाही. शिकारीच्या परवान्याचा अपवाद आहे, पण त्याच्या नादी लागू नका. आणि बाळगणं म्हणजे विकत घेणं एवढंच नाही. ऑफिसची टोळी शुक्रवारी नेमबाजीच्या रेंजवर जाते, तिथे भाड्याची बंदूक हातात घेतलीत तरी ते बाळगणंच. २०२२ पासून या कलमाखाली शिक्षा १५ वर्षांपर्यंत जाऊ शकते. मागे गणपतीत एच-वनवरचा एक पोरगा मोदक खाता खाता मला रेंजवरचा फोटो दाखवत होता, कानावर मफ, हातात रायफल. त्याला तिथल्या तिथे बाजूला घेऊन झापला. त्याला वाटलं, काका जुन्या वळणाचे आहेत.

आता माझी चूक.

ग्रीन कार्ड झाल्यावर एका सहकाऱ्याच्या नादानं मी फॉइड काढलं आणि एक पिस्तूलही घेतलं. दोनदा वापरलं असेल, मग ते तळघरात कुलपात पडून राहिलं. २०१४ साली नोकरी गेली. त्याच वर्षी पुण्यात आई गेली आणि मी वेळेत पोचलो नाही. झोप उडाली, जेवण सुटलं. बायकोनं हट्टानं डॉक्टरकडे नेलं आणि मी स्वतःच्या सहीनं पाच दिवस मनोरुग्ण विभागात राहिलो. हे करायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. चूक पुढे झाली.

मी धरून चाललो की आपण आपल्या मर्जीनं गेलो, कोर्ट नाही, पोलीस नाही, मग कार्डाचा काय संबंध? केंद्राच्या कायद्यापुरतं ते बरोबर होतं. तिथे सक्तीनं दाखल केलेले धरतात, स्वतःहून गेलेले नाही. इलिनॉय तसं मानत नाही. इथे मानसिक उपचारांसाठी दाखल झालात, मग ते स्वतःहून का असेना, की पुढची पाच वर्षं कार्ड नाही. साध्या इस्पितळातला मनोरुग्ण विभागही त्यात येतो. तुम्ही कोणाला सांगायची गरज नसते, ती नोंद राज्याच्या मानवसेवा खात्याकडून पोलिसांपर्यंत आपोआप जाते. पाच वर्षं उलटल्यावरही डॉक्टरचं प्रमाणपत्र आणावं लागतं.

कार्ड रद्द झाल्याचं पत्र घरी आलं. जाहिरातींच्या गठ्ठ्यात ते तसंच, न फोडलेलं राहिलं. ते मिळाल्यापासून ४८ तासांत कार्ड परत द्यायचं, हत्यार दुसऱ्या कार्डधारकाच्या हवाली करायचं आणि ते कोणाला दिलं याचा फॉर्म भरून द्यायचा असतो. मी यातलं काहीच केलं नाही. पोलीस दारात आले ते नेमके गौरीच्या जेवणाच्या दिवशी, घरात बावीस माणसं असताना. ते सभ्यपणे वागले. पाहुण्यांमधले काही जण नाही वागले. वकिलाचं बिल त्या पिस्तुलाच्या किमतीच्या सहापट झालं.

त्या पोलिसांवर मी चार-पाच वर्षं मनातून चिडून होतो. मग १५ फेब्रुवारी २०१९ आला. तुम्ही ज्या ऑरोरातल्या बालाजीला जाता, त्याच गावात एका कारखान्यातल्या कामगारानं पाच सहकाऱ्यांना मारलं. जुन्या गुन्ह्यामुळे त्याचं कार्ड २०१४ मध्येच रद्द झालेलं होतं. त्याच्याकडून बंदूक मात्र कोणी काढून घेतली नव्हती. तेव्हा माझी चीड गेली.

या गोष्टीतून आपल्यातले शहाणे भलताच धडा काढतात: डॉक्टरकडे जाऊच नका, रेकॉर्डवर येतं. अहो, समुपदेशकाकडे जाणं, मानसोपचारतज्ज्ञाच्या गोळ्या घेणं याला दाखल होणं म्हणत नाहीत, त्यानं कार्ड जात नाही. तुमच्यापासून कोणाला स्पष्ट धोका आहे असं डॉक्टरला वाटलं तर गोष्ट वेगळी, मग त्याला २४ तासांत कळवावंच लागतं. शाळेच्या प्रशासकांवर आणि पोलिसांवरही हेच बंधन आहे. आणि समजा दाखल व्हावं लागलं आणि कार्ड गेलं, तर जाऊ द्या की! कार्डाशिवाय इथे संसार होतो. ‘मधुमेह आहे’ हे ताटावर बसून सांगणारा आपला माणूस मुलाच्या नैराश्याला ‘अभ्यासाचं टेन्शन’ म्हणतो, त्याच्यापुढे कायदा काय करणार.

मुलांवरून आठवलं, आणि यासाठीच खरं तर लिहायला बसलो. १८ ते २० वयाच्या मुलाला फॉइड हवं असेल तर आईची किंवा वडिलांची सही लागते. मुलगा म्हणतो, मित्रांबरोबर ट्रॅप शूटिंगला, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेम धरायला, जायचंय. आपण शाळेच्या सहलीच्या कागदासारखी सही ठोकतो. त्या कागदावर लिहिलेलं असतं की या अर्जदाराच्या हातून बंदुकीनं काही नुकसान झालं तर भरपाईची जबाबदारी माझी.

हायलंड पार्क शिकागोच्या उत्तरेला, सरोवराच्या काठी आहे. ४ जुलै २०२२ च्या परेडवर तिथे एका तरुणानं गच्चीवरून गोळ्या झाडल्या, सात जण गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यानं घरच्यांना मारून टाकण्याची धमकी दिली म्हणून पोलीस येऊन सुऱ्या घेऊन गेले होते. वडिलांनी त्या आपल्या आहेत असं सांगून परत आणल्या. डिसेंबरमध्ये त्याच वडिलांनी १९ वर्षांच्या मुलाच्या फॉइड अर्जावर सही केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, ६० दिवसांची कैद झाली. मुलगा जन्मठेप भोगतोय. माझा मुलगा १९ चा झाला तेव्हा त्यानंही अर्ज पुढे केला होता. मी सही केली नाही. वर्षभर तो माझ्याशी धड बोलला नाही, मग बोलायला लागला.

घरात कोणाचं बिनसलंय आणि बंदूकही आहे, अशी वेळ आली तर इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०१९ पासून एक सोय आहे. नवरा, बायको, आईवडील, मूल, एका छताखाली राहणारं कोणीही कोर्टात जाऊन बंदूक तात्पुरती काढून घेण्याचा आदेश मागू शकतं. फी नाही. तातडीचा आदेश १४ दिवसांपर्यंतचा, नंतर सुनावणी होऊन तो एक वर्षापर्यंत वाढू शकतो. बाब दिवाणी आहे, एवढ्यानं त्या माणसावर फौजदारी गुन्हा लागत नाही. ड्यूपेज काउंटीचं कोर्ट व्हीटनला, विल काउंटीचं जोलिएटला; नेपरविल दोन्हींत विभागलंय, म्हणून आपलं घर कुठल्या काउंटीत येतं ते आधी बघा. आपल्या बायका इथेच थबकतात, की नवऱ्यावर कोर्टात कसं जायचं. माझी बायको सांगते की २०१४ मध्ये तिला असं काही माहीत असतं तर ती माझ्यावर गेली असती. त्याऐवजी तिनं तळघराची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली होती. मला हे परवा-परवा कळलं.

बाकी किरकोळ. १ जानेवारी २०२० पासून इथे दुकानात गांजा मिळतो म्हणून हुरळू नका, बंदूक खरेदीच्या केंद्रीय फॉर्मवर त्याबद्दल थेट प्रश्न आहे. रात्री-अपरात्री मन फार खचलं तर ९८८ ही हेल्पलाइन लावा. आणि राज्य पोलिसांच्या नावाचं पाकीट आलं तर त्याच दिवशी, बूट काढायच्या आधी फोडा.